संगणकाची लाल शाई

“इंग्रजी माध्यमाशिवाय संगणक येत नाही” हे वाक्य अलीकडे आपल्या गावात इतक्या वेळा कानी पडते की, ते खरे की खोटे हे तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. मुलाचे नाव मराठी शाळेतून काढून शहरात घालणारा पालक हेच कारण सांगतो. जो मुलाला येथेच ठेवतो, त्याच्याही मनात ही रुखरुख राहतेच. पालकांच्या ह्या काळजीची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. मुलांच्या पोटापाण्याची चिंता आईबापांनी वाहावयाची नाही तर कोणी वाहावयाची? परंतु ज्या भयापोटी एवढा मोठा निर्णय घ्यावयाचा, ते भय कशाचे आहे हे एकदा जवळ जाऊन पाहावयास हवे.

मुलांना विचारले तर ती सांगतात की, संगणकाला आज्ञा लिहून दिल्यावर तो ‘एरर’ म्हणून जो इंग्रजी मजकूर पडद्यावर आणतो, त्याची धास्ती वाटते. ‘एरर’ हा शब्द पुष्कळदा तांबड्या अक्षरांत असतो. लाल शाईची दहशत आम्हा शिक्षकांनीच मुलांच्या मनात पेरून ठेवली आहे. तेव्हा ह्याबद्दल एकट्या संगणकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही! असो. ह्या तक्रारींच्या अनेक जाती आहेत. त्यांतील एका जातीला ‘टाइप एरर’ म्हणतात. आपण तिला प्रकारदोष म्हणू. येथे विचार करावयाचा आहे तो तिचाच.

मराठी शिकविणाऱ्या, कलाशाखेच्या पदवीधराने ह्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आज अभियांत्रिकीचा अभ्यास करीत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ‘हास्केल’ नावाची संगणकभाषा प्रथम दाखविली, आणि गेले वर्षभर सुटीच्या दिवशी तिचा थोडाथोडा अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासात जे आढळले, ते गणिताच्या तासापेक्षा व्याकरणाच्या तासाला अधिक जवळचे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाला आपली भाषा कळत नाही आणि आपल्याला त्याची. म्हणून आपण मधल्या एका भाषेत आज्ञा लिहितो आणि ‘कंपायलर’ नावाचा दुभाषा त्या यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. हास्केल ही ‘फंक्शनल’ म्हणविल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक. फंक्शन म्हणजे बीजगणितातलेच : एका बाजूने काही घातले की ठरलेल्या नियमाने दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर पडते. अशा भाषेत सारी आज्ञावली म्हणजे फंक्शनांची गुंफण. एकाचे उत्तर ते दुसऱ्याचे खाद्य. १९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या एका परिषदेत संशोधकांनी सर्वांना मिळून वापरता येईल अशी एक भाषा घडवावयाचे ठरविले. १९९० साली तिचे पहिले नियमपत्र प्रसिद्ध झाले. तिला नाव मिळाले ते हास्केल करी (१९००–१९८२) ह्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचे. तिचा सर्वांत प्रचलित कंपायलर ग्लासगो विद्यापीठात जन्मला, आणि तो कोणासही विनामूल्य मिळतो.

हा दुभाषा मोठा काटेकोर आहे. लिहिलेल्या प्रत्येक पदाचा प्रकार कोणता, म्हणजे पूर्णांक, दशांश संख्या, अक्षरांची माळ की आणखी काही, हे तो आधी ठरवितो. आणि सर्वत्र जुळणी झाल्याखेरीज भाषांतरास हातच लावीत नाही.

उदाहरणच घेऊ. वर्गाच्या गुणांची सरासरी काढावयाची आहे. गुणांची बेरीज करावी आणि तिला मुलांच्या संख्येने भागावे, इतके हे सोपे. हास्केलमध्ये यादीची बेरीज करणारे फंक्शन ‘सम’ आणि यादीत किती घटक आहेत ते मोजणारे ‘लेंग्थ’. ‘सम’च्या उत्तराला ‘लेंग्थ’च्या उत्तराने भागा, असे लिहावे तर दुभाषा अडून बसतो. प्राथमिक शाळेतला मुलगा जे पाटीवर करतो, ते ह्या महायंत्राला का करता येऊ नये? कारण असे की, ‘लेंग्थ’चे उत्तर नेहमी पूर्णांकच असते, वर्गात साडेसदतीस मुले असत नाहीत. आणि हास्केलमधील तिरप्या रेघेचा भागाकार केवळ अपूर्णांकांस योग्य अशा संख्यांचाच होतो. त्यातही दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या असाव्या लागतात. पाटीवर भागाकार करताना मोजलेल्या ३७ चे ३७.० आपण मनातल्या मनात करून घेतो, आणि केले हे आपल्या ध्यानीही येत नाही. यंत्राला ते सांगावे लागते. त्यासाठी ‘फ्रॉमइंटिग्रल’ नावाचे फंक्शन आहे. ते ‘लेंग्थ’च्या उत्तराला लावले की तक्रार मिटते.

ह्याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. फंक्शन लिहिण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहिण्याची सोय हास्केलमध्ये आहे : ह्यात काय जाईल आणि ह्यातून काय निघेल, ह्याची ती जाहीर नोंद. ती न लिहिता सरासरीचे फंक्शन तसेच लिहिले, तर दुभाषा भागाकाराच्या रेघेकडे बोट दाखवितो आणि म्हणतो की, ‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ह्या प्रकारासाठी असल्या भागाकाराची तरतूद नाही. नवशिका त्या रेघेकडे टक लावून पाहत राहतो. रेघ तर बरोबरच आहे! परंतु तीच नोंद आधी केली, म्हणजे दशांश संख्यांची यादी आत जाईल व दशांश संख्या बाहेर येईल असे प्रथम लिहून ठेवले, तर तक्रारीचा सूर पालटतो. आता दुभाषा म्हणतो : “येथे ‘डबल’ म्हणजे दशांश संख्या अपेक्षित होती, प्रत्यक्षात ‘इंट’ आले आहे”, आणि त्याचे बोट नेमके ‘लेंग्थ’वर पडते. चूक तीच, दुभाषा तोच. लिहिणाऱ्याने आपला हेतू आधी सांगितला, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या भाषेकडे वळू. “आमची बैल शेतात गेला” असे वाक्य एखाद्या वहीत आले, तर चूक कोठे आहे? आपण चटकन म्हणू की ‘आमची’ चुकले. परंतु हे आपण कशावरून ठरविले? ‘बैल’ आणि ‘गेला’ ही दोन पदे एका बाजूला व ‘आमची’ एकटे दुसऱ्या बाजूला, म्हणून आपण बहुमताने निकाल दिला. “आमची बैल शेतात गेली” असे असते तर? आता बहुमत उलटले. कदाचित लिहिणाऱ्याच्या मनात गाय असेल आणि हातून बैल उतरला असेल. वाक्य स्वतः एवढेच सांगते की, त्यातील पदे एकमेकांशी जुळत नाहीत. दोषी कोण, हे वाक्यात लिहिलेले नसते. ते लिहिणाऱ्याच्या मनात असते. प्रकारदोषाचे नेमके हेच आहे. दुभाषा आधी जे वाचले ते प्रमाण धरून पुढचे ताडून पाहतो आणि जेथे विरोध उद्भवतो तेथे थांबतो. विरोध जेथे उघड झाला तेथेच तो उत्पन्न झाला, असे मुळीच नव्हे. दहा ओळी वर टाकलेली ठिणगी खाली येऊन पेट घेते आणि बोट दाखविले जाते ते खालच्या ओळीकडे.

आमच्या घरी कोंकणी बोलतात. कोंकणीत ‘चेडूं’ म्हणजे मुलगी; परंतु हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून आम्ही “चेडूं आयलें” म्हणतो. मराठी कानाला हे विचित्र वाटेल. कन्नडात माणसे आणि देवदेवता वगळल्या तर बहुतेक सारे नपुंसकलिंगीच. म्हणून कन्नड घरातले मूल मराठी बोलताना “बस आला” म्हणते आणि वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो : बस स्त्रीलिंगी आणि ट्रक पुल्लिंगी, हे कोणत्या न्यायाने? आणि आपल्या ह्या भागात कितीतरी मुली “मी आलो”, “मी जातो” असेच बोलतात. निबंधाच्या वहीत मात्र त्याखाली रेघ येते. ते बोलणे अशुद्ध आहे असे आम्ही मानीत नाही. बोलीचा नियम एक, प्रमाणभाषेचा दुसरा. ज्या नियमाने तपासावे तसा निकाल मिळतो. संगणकाच्या भाषांतही हाच प्रकार आहे. एक भाषा जे निमूट चालवून घेते, ते दुसरी दारातच अडविते. म्हणून दुभाषा ‘चूक’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ “ह्या भाषेच्या नियमांत हे बसत नाही” एवढाच घ्यावा. लिहिणाऱ्याच्या बुद्धीवर तो शेरा नसतो.

येळ्ळूरच्या मुलाला असल्या जुळणीची सवय घरातून आणि वर्गातून आधीच लागलेली असते, हा माझा मुख्य मुद्दा. प्रयोगाचा धडा आठवा. “सीता आंबा खाते” येथे क्रियापद सीतेच्या मागे जाते. “सीतेने आंबा खाल्ला” म्हटले की ते सीतेला सोडून आंब्याला धरते, आणि आंब्याच्या जागी पोळी येताच “खाल्ली” होते. “रामाने रावणास मारले” येथे तर ते कोणाच्याच मागे जात नाही. कर्त्याला ‘ने’ लागला आहे काय, कर्माला ‘स’ लागला आहे काय, हे पाहून क्रियापदाचे रूप आधीच सांगता येणे, ह्यात आणि दुभाषाच्या कामात जातीचा फरक नाही, प्रमाणाचा आहे. ज्या मुलाला प्रयोग समजला, त्याला प्रकारदोष समजण्याची निम्मी तयारी झाली. आणि हा धडा परक्या भाषेतून समजणे सोपे की आईच्या भाषेतून, ह्याचे उत्तर पालकांनीच द्यावे. ज्या मुलाला तो कोणत्याच भाषेतून नीट समजलेला नसतो, त्याची अवस्था सर्वांत कठीण, आणि घाईने माध्यम बदललेली कित्येक मुले ह्याच अवस्थेत सापडतात.

प्रकारांची कल्पना संगणकाहून जुनी आहे. बर्ट्रंड रसेल ह्यांनी गणिताच्या पायातील विसंगती दूर करण्यासाठी १९०८ साली ती मांडली. एडिंबरो येथील रॉबिन मिल्नर ह्यांनी १९७८ साली दाखवून दिले की, लिहिणाऱ्याने प्रकार सांगितले नाहीत तरी यंत्राला ते बरेचसे आपले आपण ओळखता येतात, आणि जुळणी पुरी झालेली आज्ञावली चालताना भलत्याला भलते जोडून कोलमडत नाही. परंतु यंत्राचे बोट चुकीच्या जागी पडते, ही अडचण त्याबरोबरच आली. मिचेल वँड ह्या अमेरिकन संशोधकाने १९८६ साली प्रकारदोषाचे मूळ कसे शोधावे ह्यावर स्वतंत्र निबंध वाचला. म्हणजे हा प्रश्न पंडितांनाही छळीत होता. २००३ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाने ‘हीलियम’ नावाची हास्केलची एक धाकटी बहीण केवळ विद्यार्थ्यांसाठी तयार केली. तक्रारीचा मजकूर समजेल असा व्हावा म्हणून त्यांनी भाषेचाच एक अवघड भाग बाजूला ठेवला. शिक्षकाच्या नात्याने मला ह्या निर्णयाचे फार कौतुक वाटते. पुढे ‘एल्म’ नावाच्या भाषेच्या कर्त्याने, एव्हान चॅप्लिकी ह्यांनी, तक्रार पहिल्या पुरुषी एकवचनात लिहावयास आरंभ केला : मला अमुक हवे होते, मला तमुक दिसते आहे, तुमचा विचार असा तर नव्हता? वहीत नुसती फुली मारणारा शिक्षक आणि समासात “कर्ता पाहा” असे लिहिणारा शिक्षक, ह्यांच्यात जो फरक, तोच हा.

दुभाषाचे एवढे गुण गायिल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. “राजहंसगडाच्या तटाखाली समुद्र गर्जत होता” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. कोंकणी माणसाला ते खरे व्हावे असे वाटेलही; परंतु गडाखाली भाताची शेते आहेत, ह्याला व्याकरण काय करणार? तसेच येथे. सरासरी काढताना भलत्याच वर्गाची यादी दिली, तर दुभाषा अवाक्षर काढणार नाही. शिवाय आपण जे सांगितलेच नाही, त्याचे रक्षण तो करू शकत नाही. बासमतीची ४० पोती आणि २३०० रुपये ह्या दोहोंना आपण नुसते ‘पूर्णांक’ म्हटले, तर त्यांची बेरीज २३४० तो आनंदाने करून देईल. पोती हा एक प्रकार आणि रुपये हा दुसरा, असे ‘न्यूटाइप’ ह्या शब्दाने आधी जाहीर केले, तरच तो मध्ये हात घालील.

ही गोष्ट खेळाची नव्हे. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे धाडलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचून नाहीसे झाले. एका बाजूची आज्ञावली धक्क्याचे माप पाउंड-सेकंदांत देत होती, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंदांत आहे असे समजून हिशेब करीत होती. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक. आकडे मात्र दोन्हीकडे नुसते आकडेच होते, आणि त्यांना अडवावयास वाटेत कोणी उभा नव्हता. अशा वेळी अडून बसणारा दुभाषा किती मोलाचा असतो, हे सांगावयास नको.

आता इंग्रजीचा प्रश्न. इंग्रजी शिकू नये असे येथे कोणीच म्हणत नाही. आपल्या शाळेत ती शिकविली जाते आणि मन लावून शिकावी. परंतु हास्केलच्या २०१० च्या नियमपत्रात राखीव शब्द अवघे २२ आहेत, आणि प्रकारदोषाच्या मजकुरात तेच ते शब्द फिरून फिरून येतात. ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे अपेक्षित, ‘अ‍ॅक्च्युअल’ म्हणजे प्रत्यक्ष, ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे फंक्शनला पुरविलेली वस्तू. एवढ्या शब्दांसाठी मुलाचे सारे शिक्षण दुसऱ्या भाषेत हलवावे, हे घराच्या एका कौलासाठी घरच मोडून नवे बांधण्यासारखे आहे.

तरी अडचण आहे ती आहेच; ती नाकारण्यात अर्थ नाही. हास्केलमध्ये प्रकाराचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही! तेव्हा ‘रुपये’ हा प्रकार देवनागरीत लिहिता येत नाही. तोच मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला तर मात्र दुभाषाची काही तक्रार नसते. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्यांनी नियम केले, त्यांच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, इतकेच. आपण डोळ्यांसमोर कधी येणार? आपल्यातली मुले तेथे बसू लागतील तेव्हा. आपल्या शेजारी मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे. विद्यापीठ एवढ्या जवळ आणि संगणकाची धास्ती एवढी मोठी, हे काही बरे दिसत नाही.

दुसरीही एक शंका येईल. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आहेत. तक्रार त्यांच्यापुढे ठेवली की ती मराठीतून उलगडा करतात आणि दुरुस्तीही सुचवितात, मग ही खटपट कशाला? ही साधने वापरू नयेत असे नाही. परंतु गाईड पुढ्यात ठेवून गणिते उतरविणाऱ्या मुलाला गणित किती येते, हे आपण सारे जाणतो. तक्रार न वाचताच तिचे उत्तर मिळाले, तर पुढच्या तक्रारीपाशी मूल पुन्हा तेथेच उभे राहते.

म्हणून एक सूचना करून हा लेख पुरा करतो. २०२३ सालापासून हास्केलच्या ह्या कंपायलरने प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यावयास आरंभ केला आहे. अपेक्षित व प्रत्यक्ष प्रकार जुळले नाहीत, तर ८३८६५. एखाद्या प्रकारासाठी हवी ती तरतूद नसेल, तर ३९९९९. मजकूर इंग्रजी असला तरी क्रमांकाला भाषा नसते. तेव्हा शाळेच्या संगणकाशेजारी एक जाड वही ठेवावी. जो क्रमांक ज्याला भेटेल, त्याने तो वहीत मांडावा, कोणत्या ओळीमुळे भेटला ते लिहावे आणि त्याचा उलगडा स्वतःच्या मराठीत करावा. दुसऱ्याने तो वाचून सुधारावा. शुद्धलेखन तपासण्याचे काम मी आनंदाने करीन. वर्षाअखेरीस ही वही हस्तलिखित म्हणून वाचनालयात ठेवता येईल, आणि पुढच्या वर्षीची मुले तेथून पुढे चालतील.

पहिली नोंद ८३८६५ ची असावी. तिचा मजकूर असा काही ठेवता येईल : “येथे एका प्रकारची वस्तू हवी होती, दुसऱ्या प्रकारची आली आहे. ‘एक्स्पेक्टेड’पुढे काय लिहिले आहे ते आधी वाचा, आणि ते कोणी मागितले हे शोधा. मग ‘अ‍ॅक्च्युअल’पुढचे वाचा, आणि ते कोठून आले हे शोधा. दोहोंपैकी काय बदलावयाचे हे तुम्ही ठरवावयाचे आहे; यंत्राला ते ठाऊक नाही.” ३९९९९ ची नोंद नववीच्या वर्गाने लिहावी, वर दिलेल्या सरासरीच्या उदाहरणावरून ती सहज लिहिता येईल.